खर्जाची पेटी



शेजारच्या बिऱ्हाडांत रात्रीं गाणें चालू असलें म्हणजे भिंतीपलीकडून आपल्या कानांवर काय येतें, याकडे आपण कधीं लक्ष दिलें आहे काय? गाणाऱ्याचे शब्द येत नाहींत, व्हायोलिनची तान येत नाहीं. येतो तो केवळ एक धिमा, गंभीर घुमारा. विटांच्या भिंतीला न जुमानणारा हा घुमारा म्हणजे त्या मेळांतील खर्जाचें वाद्य. पाश्चात्य वाद्यवृंदांत हें काम पूर्वीं माणसाएवढ्या उंच डबल बासकडे असे. गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत नव्या तऱ्हेच्या मेळांतून तें चार तारांच्या विजेवरील बास गिटारकडे आलें. गंमत अशी कीं, भिंत ओलांडणारा हाच स्वर सभागृहांत मात्र कोणाला धड ऐकूं येत नसे. तो ऐकूं यावा म्हणून जे अ‍ॅम्प्लिफायर निर्माण झाले, त्यांनीं खुद्द वाजविणारांनाच वेळोवेळीं चकित केलें आहे. त्यांच्याविषयीं आज मी बोलणार आहें.

विषय मला घरांतच मिळाला. माझा एक पुतण्या पुण्याला शिकतो आणि मित्रांच्या मेळांत बास गिटार वाजवितो. गेल्या वर्षीं एके सकाळीं वहिनींचा फोन आला. "भाऊजी, याला तुम्हींच कांहीं सांगा. आठ स्पीकरांची कपाटाएवढी पेटी घ्यायची म्हणतो. यांच्या मागें जें कांहीं उरलें आहे, त्यांतून काढून द्यायला माझी ना नाहीं. पण घेतल्यावर पस्तावणार नाहीं ना, एवढें पाहा." माझे बंधु जाऊन तेव्हां तीन वर्षें झालीं होतीं, त्यामुळें हा प्रश्न निव्वळ संगीताचा राहिला नव्हता. मी उभी हयात ध्वनियंत्रांच्या दुरुस्तींत घालविलेली, म्हणून निवाडा माझ्याकडे आला. मुलाजवळ दहा इंची एका स्पीकरचा, ४० वॅटचा एक जुना अ‍ॅम्प्लिफायर होता, आणि त्याविषयीं त्याची तक्रार एकच होती: "काका, याच्यांत दम नाहीं."

तक्रार पोरकट नव्हती. बास गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली म्हणजे ती सेकंदाला सुमारें ४१ आंदोलनें करते. या स्वराची एक लाट हवेंत ८ मीटरांहून अधिक लांब असते. आपल्यापैकीं पुष्कळांच्या दिवाणखान्यांत ती अंग पसरून मावणारहि नाहीं. एवढी लाट उठवावयाची तर पुष्कळ हवा हलविली पाहिजे, आणि त्यासाठीं मोठा स्पीकर, मोठी पेटी व मोठी शक्ति हवी, असें कोणीहि म्हणेल. अमेरिकेंतील पहिले कारागीरहि याच समजुतीनें कामाला लागले होते.

त्यांतील एक एव्हरेट हल. हा स्वतः डबल बास वाजविणारा. ट्रंपेट-सॅक्सोफोनांच्या गर्दींत आपलें वाद्य बुडून जातें, हें दुःख त्याला पुस्तकांत वाचावें लागलें नाहीं. डबल बास ज्या खुंटीवर जमिनीला टेकतो, त्या खुंटीच्या वरच्या टोकाला मायक्रोफोन बसवून तो वाद्याच्या पोटांत राहील अशी युक्ति त्यानें १९४६ मध्यें पेटंटासाठीं मांडली. या 'अ‍ॅम्प्लिफाइड पेग'वरूनच त्याच्या कंपनीला 'अ‍ॅम्पेग' हें नांव पडलें. तिकडे कॅलिफोर्नियांतील फुलर्टन गांवीं लिओ फेंडर यानें १९५१ मध्यें पडदे बसविलेली बास गिटार बाजारांत आणली, आणि पुढच्याच वर्षीं तिच्यासाठीं 'बासमन' नांवाचा अ‍ॅम्प्लिफायर काढला. पहिल्या बासमनमध्यें पंधरा इंची एक स्पीकर होता; त्याच दशकांत पुढें त्याच्या जागीं दहा इंची चार आले. या चार स्पीकरांच्या बासमनची कथा मोठी मौजेची आहे. बाससाठीं शिवलेला हा अंगरखा गिटारवाल्यांनींच पळविला, आणि लंडनच्या जिम मार्शलनें १९६२ मध्यें आपला पहिला अ‍ॅम्प्लिफायर याच नमुन्यावर बेतला. बासवाले मात्र पुरतेपणीं सुखी झाले नाहींत. पेटीची पाठ उघडी असली म्हणजे स्पीकरच्या पुढून निघालेली लाट आणि मागून निघालेली उलटी लाट यांची गांठ पडते व खर्जाचा बराच भाग तेथल्या तेथें जिरून जातो.

याला सुरेख तोड १९६० मध्यें हलच्या कारखान्यांतून निघाली. जेस ऑलिव्हर हा तिचा कर्ता. जुनें शिवणयंत्र काम संपल्यावर उलटें फिरवून मेजाच्या पोटांत ठेवीत, तें ज्यांनीं पाहिलें असेल त्यांना ऑलिव्हरची पेटी चटकन समजेल. अ‍ॅम्प्लिफायरचें सारें यंत्र झांकणाला जोडलेलें. वाजवावयाचें असलें म्हणजे झांकण उलटून व्हॉल्व वर काढावयाचे, आणि निघतांना पुन्हां आंत लोटून पेटी बंद करावयाची. हिचें नांव पोर्टाफ्लेक्स, आणि त्यांतील पंधरा इंची स्पीकरचा नमुना तो 'बी-१५'. शक्ति म्हणाल तर अवघी २५ वॅट, पुढच्या नमुन्यांत ३० च्या आसपास. आजच्या पोरांच्या भाषेंत खेळणेंच. पण पेटी पाठीमागून बंद आणि तिला एक मोजून-मापून ठेवलेलें छिद्र. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली असतां ती आपल्या ठराविक स्वरांत घुमते. तोच न्याय येथें खर्जाच्या कामीं लावला होता. स्पीकरची जी मागची लाट बासमनमध्यें वैर करी, तिलाच येथें पुढच्या लाटेची सोबत करावयास लावलें. उचलण्याच्या सोयीसाठीं म्हणून ही पेटी लोकांनीं घेतली, आणि न्यूयॉर्कच्या ध्वनिमुद्रणगृहांत ती मायक्रोफोनपुढें आली तेव्हां मोठमोठ्या पेट्यांना न मिळणारा गोल, भरीव स्वर तिच्यांतून निघाला. तेथें ती मग घरचीच होऊन बसली.

हा स्वर इतका भरीव कां वाटावा, याचें अर्धें उत्तर पेटींत आहे आणि अर्धें आपल्या कानांत. टेलिफोनचें उदाहरण घ्या. जुन्या टेलिफोनच्या तारेवरून सेकंदाला सुमारें ३०० आंदोलनांखालचा ध्वनि जातच नसे. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर त्याच्या पुष्कळच खालीं, १०० च्या आगेमागें असतो. म्हणजे वडिलांचा मूळ स्वर आपल्यापर्यंत पोंचतच नव्हता, तरीहि "कोण, बाबा का?" असें आपण पहिल्याच शब्दाला म्हणत होतों. कारण मूळ स्वर हरवला तरी त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट आंदोलनांचे उपस्वर येऊन पोंचतात, आणि त्यांच्यामधलें अंतर पाहून कान हरवलेला स्वर स्वतः भरून काढतो. ज्यांच्या घरीं तंबोरा आहे त्यांना उपस्वरांचा हा महिमा निराळा सांगावयास नको. खर्जाच्या तारेखालीं जव्हारीचा दोरा नीट बसला कीं, जो गांधार कोणी छेडलेलाच नाहीं तो आपोआप बोलूं लागतो, आणि तंबोरा दुप्पट मोठा झाल्यासारखा वाटतो. व्हॉल्व नेमकें हेंच करतात. शक्ति संपत आली म्हणजे ते एकाएकीं फाटत नाहींत; स्वराचीं शिखरें हळूच गोलावतात, आणि त्यांतून नवे उपस्वर जन्मतात. एव्हरेट हलला स्वर फाटलेला मुळींच खपत नसे, आणि त्याच्या पेटीचा जो गुण लोकांना आवडला त्यांतील कांहीं वांटा त्या नकोशा फाटण्याच्या अगदीं पहिल्या पायरीवर होता, हें त्याला कितपत रुचलें असतें कोण जाणे!

बी-१५ चें नांव घेतलें कीं जेम्स जेमरसनचें नांव येतेंच. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या शेंकडों गाण्यांत १९६० नंतरच्या दशकांत यानें बास वाजविला. नाइटक्लबांत तो बी-१५ वापरी. म्हणून त्या गाण्यांतील मऊ, लाकडी स्वर या पेटीचाच असें पुष्कळ जण धरून चालले. वस्तुतः मोटाउनच्या ध्वनिमुद्रणांत त्याची गिटार बहुतांशी कोणत्याहि पेटीशिवाय सरळ मुद्रणयंत्राला जोडलेली असे. माइक मॅक्लीन या तेथल्या इंजिनियरनें त्यासाठीं खास जोडणी तयार केली होती. मग तो स्वर आला कोठून? गुळगुळीत पट्टीच्या जाड तारा, त्याहि वर्षानुवर्षें न बदललेल्या. ब्रिजजवळ तारांखालीं दडपलेला स्पंजाचा तुकडा. आणि उजव्या हाताची एकटी तर्जनी. ज्या वादकाच्या स्वरासाठीं लोक पेट्या शोधीत फिरले, त्याचें नांव मात्र कित्येक वर्षें तबकडीच्या वेष्टनावर छापलें जात नव्हतें. तें मार्विन गे याच्या १९७१ च्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर आलें. १९८३ मध्यें जेमरसन वारला. पेटीची कीर्ति आधीं आणि माणसाची मागाहून, हा क्रम मला आजहि खटकतो.

आतां पुतण्याच्या कपाटाकडे येतों, कारण त्याचीहि बाजू आहे. १९६९ मध्यें अ‍ॅम्पेगनेंच 'एसव्हीटी' नांवाचा १४ व्हॉल्वांचा, ३०० वॅटचा अजस्र अ‍ॅम्प्लिफायर काढला, आणि त्याच वर्षीं रोलिंग स्टोन्स या इंग्रज मेळानें अमेरिकेच्या दौऱ्यांत त्याचे आरंभींचे नमुने वापरले. त्याच्या पेटींत पंधरा किंवा अठरा इंची स्पीकर नव्हते. दहा इंची आठ होते, तेहि दोन-दोन करून चार बंद कप्प्यांत बसविलेले. खर्जासाठीं लहान स्पीकर, हें ऐकूनच पुष्कळांनीं नाक मुरडलें असेल. परंतु आठ ताटें एकदम हललीं म्हणजे हवा एका मोठ्या परातीपेक्षां कमी हलत नाहीं, आणि लहान पडदा हलका असल्यामुळें स्वराचा आघात स्पष्ट येतो. याच्या अगदीं उलट अकूस्टिक कंपनीचा '३६०'. त्यांतील अठरा इंची स्पीकरचें तोंड चक्क पाठीमागें केलेलें, आणि त्याचा ध्वनि पेटींतच दुमडलेल्या कर्ण्यांतून वळसा घेऊन बाहेर येई. वाजविणारा पेटीजवळ उभा राहून म्हणे, आवाजच नाहीं; आणि लांबच्या रांगेंतील श्रोत्याच्या छातींत धडधड होई. जॅको पास्टोरियसचा गाता बास याच पेटींतून निघे.

स्पीकरची आणखी एक गंमत सांगतों. १९६६ च्या एप्रिलांत लंडनला बीटल्सचें 'पेपरबॅक रायटर' मुद्रित होत असतां बास हवा तसा उमटेना. तेव्हां केन टाउनसेंड या तंत्रज्ञानें एक मोठा स्पीकरच मायक्रोफोन म्हणून बासच्या स्पीकरपुढें तोंडाला तोंड लावून ठेवला. बोलणाऱ्यालाच ऐकावयास बसविलें! स्पीकरचा पडदा हलला कीं त्याच्या वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते, हें शाळेंतील पोरालाहि ठाऊक असतें; पण आयत्या वेळीं आठवलें तें त्याला.

असो. एवढी विद्या जवळ असल्यामुळें मीं वहिनींना ठामपणें सांगितलें कीं पैसे काढूं नका. पुतण्या कांहीं बोलला नाहीं. त्याचें तें न बोलणें मला लागलें. मग डिसेंबरांत त्यांच्या मेळाचा कार्यक्रम ठरला. भाड्यानें आणलेला मोठा अ‍ॅम्प्लिफायर तालमीच्या वेळीं दोन स्वर बोलला आणि मुका झाला. आणणारा गृहस्थ म्हणाला, "सकाळपर्यंत चालत होता." यापलीकडे त्याच्याजवळ उत्तर नव्हतें. शेवटीं घरचा ४० वॅटवालाच रिक्षांतून आणावा लागला.

तो रंगमंचाच्या मध्यावर, मागच्या भिंतीपासून सुमारें एक मीटरावर, एका खुर्चीवर ठेवला. पुतण्यानें जाड तार छेडली, आणि मीं मान खालीं घातली. स्वर कागदासारखा पातळ येत होता. वहिनी पहिल्या रांगेंत बसल्या होत्या. त्यांच्याकडे पाहण्याचें मला धैर्य झालें नाहीं. मीं पैसे अडविले नसते तर, असा विचार कोणाच्या मनांत आला नसेल?

मग हिशेब सुचला. दहा इंची स्पीकर ४१ आंदोलनें फारशीं देतच नाहीं. त्याची मदार दुपटीवर, म्हणजे ८२ वर. त्या उपस्वराची लाट चार मीटरांची. भिंतीपर्यंतचें अंतर लाटेच्या चौथ्या हिश्शाएवढें असलें कीं परतलेली लाट बरोबर अर्धी मागें पडते, आणि जो उपस्वर कानाला खर्ज बांधून देतो तोच पुसला जातो. पेटी उचलून आम्हीं ती रंगमंचाच्या डाव्या कोपऱ्यांत, खालीं फळ्यांवर, दोन्ही भिंतींना जवळजवळ चिकटून ठेवली. बासचें बटण मीं उतरविलें. घरीं हळू वाजवितांना कानाला खर्ज कमी पडतो म्हणून तें चढविण्याची मुलांना संवय असते. सभागृहाच्या ध्वनियंत्रणेसाठीं पेटीपुढें एक मायक्रोफोन लावला. पुतण्यानें पुन्हां तीच तार छेडली, आणि ढोलकीवाल्या मुलानें मागें वळून विचारलें, "मोठा चालू झाला का रे?"

कार्यक्रम नीट पार पडला. पेटीचा विषय कायमचा मिटला असें मात्र मी म्हणणार नाहीं. उघड्या मैदानावर कोपरे नसतात, आणि आवाज कानाला दुप्पट वाटावा तर शक्ति दसपट लागते. तेथें ४० वॅटांनीं भागणार नाहीं, हें मीं त्याला सांगून ठेवलें आहे. त्यानें तूर्त आपला जुना अ‍ॅम्प्लिफायर घरींहि कोपऱ्यांत सरकविला आहे. परवां वहिनींचा फोन आला होता. "भाऊजी, खालच्या मजल्यावरचे आजोबा विचारीत होते, रात्रीं भिंतींतून कसला घुमारा येतो म्हणून. काय सांगूं त्यांना?"