दंतरोपण आणि लेसर-प्रकाशाचा उपचार

दात गेला म्हणजे केवळ मुखाची शोभा जाते असे नाही. चर्वण अपुरे होते, उच्चार अडखळतात आणि रिकाम्या जागेचे हाड हळूहळू झिजू लागते. ही उणीव भरून काढण्यासाठी जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा लहानसा स्क्रू बसवून त्यावर कृत्रिम दात उभारण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. दवाखान्यात तिला ‘इम्प्लांट’ म्हणतात. हे रोपण लवकर रुजावे म्हणून काही ठिकाणी लेसर-प्रकाशाचा उपचारही सुचविला जातो. त्याचे मोल किती, हे समजून घेणे रुग्णाच्या हिताचे आहे.

दंतरोपणाचा पाया एका अनपेक्षित अनुभवाने घातला गेला. १९५२ साली स्वीडनमध्ये डॉ. पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे सशाच्या हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. त्यासाठी हाडात बसविलेले टायटॅनियमचे उपकरण प्रयोगानंतर काढू जाता निघेना. हाड त्या धातूशी एकजीव झाले होते. पुढे १९६५ साली त्यांनी याच तत्त्वावर पहिल्या रुग्णाच्या जबड्यात रोपण केले.

मात्र हा संयोग एका दिवसात होत नाही. आरंभी स्क्रू केवळ आपल्या पकडीवर उभा असतो. नंतर भोवतालचे दुखावलेले हाड विरघळू लागते आणि नवे हाड तयार होऊ लागते. या संधिकालात, म्हणजे पहिल्या काही आठवड्यांत, रोपणाची स्थिरता थोडी घटते. ते पुरते रुजण्यास सामान्यतः तीन ते सहा महिने लागतात. हा नाजूक काळ सुखरूप पार पडावा, हाच लेसर-उपचाराचा हेतू होय.

थिओडोर मेमन यांनी १९६० साली पहिला लेसर निर्माण केला. त्यानंतर काही वर्षांतच बुडापेस्ट येथील डॉ. एन्द्रे मेस्टर यांना असे आढळले की, उंदरांच्या कातडीवर सौम्य लेसर टाकला असता तेथील केस अधिक वेगाने वाढतात. पुढे जखमा भरण्यासाठीही या प्रकाशाचा उपयोग करून पाहण्यात आला. शस्त्रक्रियेतील लेसर ऊती कापतो. हा सौम्य लेसर कापत नाही की भाजत नाही. तांबडा व त्यालगतचा अदृश्य अवरक्त प्रकाश पेशींतील तंतुकणिका शोषून घेतात आणि पेशीचे ऊर्जानिर्मितीचे कार्य वाढते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

प्रयोगशाळेतील हाडपेशींवर आणि प्राण्यांवर झालेल्या अनेक प्रयोगांचे निष्कर्ष आशादायक आहेत. माणसांवरील चाचण्यांचे निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत. काहींत लाभ दिसला, तर काहींत लेसर दिलेल्या व न दिलेल्या रोपणांच्या स्थिरतेत लक्षणीय फरक आढळला नाही. बहुतेक चाचण्यांतील रुग्णसंख्या अल्प होती. प्रकाशाची तरंगलांबी, मात्रा आणि वेळही भिन्न होती. मात्रा अल्प पडली तर परिणाम होत नाही आणि अधिक झाली तर उलट परिणाम होऊ शकतो. म्हणून हा उपचार सध्या पूरकच मानावा लागतो. त्याच्या भरवशावर रोपण रुजण्याची मुदत आखडती घेणे धोक्याचे ठरेल.

लेसरसाठी निराळे शुल्क सांगितले गेल्यास त्याचा अपेक्षित लाभ कोणता, आणि तो घेतला नाही तर काय बिघडेल, हे दोन प्रश्न रुग्णाने निःसंकोचपणे विचारावेत. उपचाराच्या वेळी रुग्ण व दंतवैद्य या दोघांच्याही डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा.

तंबाखू व धूम्रपान यांचा त्याग, मधुमेहावर नियंत्रण, हिरड्यांची स्वच्छता आणि ठरल्या दिवशी तपासणी, यांवर रोपणाचे यश मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. मिश्री लावण्याची किंवा तंबाखू दाढेत धरण्याची सवय कायम ठेवून लेसरकडून चमत्काराची अपेक्षा करणे व्यर्थ होय. हाड आपल्या गतीनेच जुळते. त्याला तेवढा अवधी देणे रुग्णाच्या हाती आहे.