कुलूप कुणाचं, किल्ली कुणाकडे?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

मैत्रिणींनो,

सुरुवातीलाच सांगते, मी संगणकाची तज्ज्ञ नाही. मी एम.एस.डब्ल्यू. केलं आणि गेली दहा-बारा वर्षं समुपदेशन केंद्रात काम करते. संगणक बिघडला की तुमच्यासारखीच मीही कुणातरी ‘मुलाला’ फोन करते. तो मुलगा येतो, काहीतरी करतो, पैसे घेऊन जातो. त्यानं काय केलं हे आपण विचारत नाही. ‘ते आपल्याला कळणार नाही’ असं आपणच ठरवून टाकलेलं असतं. कायद्याबद्दल, पैशाच्या व्यवहारांबद्दल, स्वतःच्या शरीराबद्दलही एके काळी आपण असंच म्हणत होतो. म्हणून आज मी हा विषय मुद्दाम मागून घेतला.

एक अनुभव सांगते. आमच्या केंद्रात सगळ्या केसेसची नोंद ठेवण्यासाठी एकाकडून प्रोग्रॅम बनवून घेतला होता. ओळखीतला माणूस, स्वस्तात करून देतो म्हणाला. लेखी काही झालं नाही. पाच वर्षं आम्ही त्यात नोंदी भरल्या. मग त्यानं दरवर्षीची फी वाढवली. आम्हाला ती परवडेना, आणि एक दिवस प्रोग्रॅम उघडेनासा झाला. त्याच आठवड्यात एक बाई आल्या. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली त्यांचा अर्ज कोर्टात होता आणि नवरा म्हणत होता, हिनं आजवर कधी तक्रारच केली नाही. त्या तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे येऊन रडून सगळं सांगून गेल्या होत्या. तारखेसकट नोंद होती, पण कुलपात होती. आमच्या एका जुन्या ताईंना हातानं वहीत लिहायची सवय होती म्हणून ती तारीख सापडली. वही नसती तर त्या बाईंना मी काय तोंड दाखवलं असतं?

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुःख बाईंचं, शब्द त्यांचे, ते लिहून घेण्याचे कष्ट आमचे, आणि किल्ली मात्र तिसऱ्याच माणसाच्या खिशात! हे झालं कसं? त्याची दोन उत्तरं मला सापडली. एक कायद्यात आहे, एक संगणकात.

आधी कायदा बघू. आपल्याकडे कॉपीराइटचा कायदा १९५७चा. १९८४च्या दुरुस्तीनं संगणकाच्या प्रोग्रॅमलाही त्यात ‘साहित्यकृती’ मानलं गेलं. म्हणजे कादंबरीला जे संरक्षण, ते प्रोग्रॅमलाही. कलम १७ म्हणतं की कृतीचा पहिला मालक तिचा कर्ता. पगारी नोकरानं नोकरीचा भाग म्हणून काम केलं तर मालकी मालकाची. पण बाहेरच्या माणसाला पैसे देऊन प्रोग्रॅम लिहून घेतला, तर वेगळा करार नसल्यास मालकी त्या माणसाचीच राहते. आपण पैसे दिले म्हणून प्रोग्रॅम आपला होत नाही. हक्क आपल्याकडे यायचा तर कलम १९प्रमाणे तो लेखी आणि सहीनिशी यावा लागतो. त्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती पाचच वर्षं धरली जाते. आमच्याकडे कागदच नव्हता. नोंदी आमच्या होत्या, पण त्या वाचायचं साधन त्याचं होतं.

आणि आपण सगळ्या ज्याकडे काणाडोळा करतो ते कलम ६३ ब. चोरीची प्रत आहे हे माहीत असून प्रोग्रॅम वापरणं हा गुन्हा आहे. किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड. नफ्यासाठी वापर नसेल तर कैद न देण्याची मुभा न्यायालयाला आहे, पण गुन्हा तो गुन्हाच. आता मनाशी विचारा, आपल्या कार्यालयातल्या संगणकांवर काय आहे? ज्यांना आपलं काम खुपतं त्यांच्या हाती आपणच काठी देऊन ठेवतो आहोत.

आता दुसरं उत्तर. आपल्यापैकी पुष्कळजणी शिवणकाम जाणतात. चांगली शिंपीण ब्लाउज शिवताना आत माया सोडते. बाई जाड झाली, बारीक झाली, लेकीला तोच ब्लाउज द्यायचा झाला, तर टाके उसवून माया घेता-देता येते. माया न सोडलेला ब्लाउज अंगाला झाला नाही की फेकायचाच. बाजारातले बहुतेक प्रोग्रॅम असे बिनमायेचे असतात. ते कसे शिवले आहेत ते दिसत नाही आणि उसवायची परवानगीही नसते. प्रोग्रॅम ज्या मूळ भाषेत माणसानं लिहिलेला असतो तो मजकूर हाती असेल तरच माया आहे म्हणायचं.

अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला तो याचसाठी. प्रोग्रॅम कशासाठीही वापरता यावा, आतून वाचता यावा, बदलता यावा आणि दुसऱ्याला देता यावा, ही ती चार स्वातंत्र्यं. १९८९ साली त्यांनी या विचाराचा परवाना तयार केला. त्यातली गंमत अशी, की तो कॉपीराइट मोडत नाही, कॉपीराइटच्याच जोरावर उभा आहे. कर्ता म्हणतो, मालक मी आहे, आणि मालक म्हणून माझी अट अशी की तू हे पुढे दिलंस तर याच स्वातंत्र्यासकट दे. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्यानं १९९१ साली लिनक्सची सुरुवात केली आणि पुढच्याच वर्षी ते या परवान्याखाली आणलं. ‘ओपन सोर्स’ हे नाव मात्र १९९८चं, आणि ते सुचवलं क्रिस्टीन पीटरसन या बाईंनी. हे सहसा कुणी सांगत नाही!

इंग्रजीत ‘फ्री’ या एका शब्दाचे दोन अर्थ होतात म्हणून त्या लोकांना फार समजावत बसावं लागतं. आपल्याकडे शब्दच दोन आहेत, मुक्त आणि फुकट. ‘स्त्रीमुक्ती’ म्हटल्यावर फुकट काय मिळणार असं आपल्याला कुणी विचारत नाही. हेही तसंच आहे.

पण मैत्रिणींनो, आपण कुठलीच चळवळ डोळे झाकून स्वीकारत नाही, ही तरी का स्वीकारावी? तिथेही पुरुषच बहुसंख्य आहेत. रात्र रात्र बसून विनामोबदला प्रोग्रॅम लिहायला मोकळा वेळ कुणाकडे असतो? ज्याचा स्वयंपाक दुसरं कुणी करतं त्याच्याकडे. स्वतः स्टॉलमन यांनी लैंगिक शोषणाच्या एका प्रकरणाबद्दल केलेल्या विधानांवर मोठी टीका झाली, २०१९ साली त्यांनी आपल्याच संस्थेचं अध्यक्षपद सोडलं, आणि २०२१मध्ये ते तिच्या संचालक मंडळावर परतले. तिथल्या बायकांना हे किती लागलं असेल ते आपल्याला सांगायला नको. दुसरीकडे, ‘ग्नोम’ प्रकल्पानं २००६ साली खास महिलांसाठी मानधन देऊन शिकण्याची सोय सुरू केली. आज ती ‘आउटरीची’ या नावानं चालते आणि डावलल्या गेलेल्या इतर गटांसाठीही खुली आहे. मानधन हा शब्द महत्त्वाचा. वाटून घेणं चांगलं, पण बायकांच्या फुकट कष्टांवर ते उभं राहू नये.

वाटून घेणं आपल्याला नवं नाहीच. जात्यावरच्या ओव्या कुणा एकीच्या नव्हत्या. एकीनं म्हटली, दुसरीनं त्यात आपलं माहेर घातलं, तिसरीनं आपला भाऊ. गी पोयत्वँ आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि गाणाऱ्या बाईचं नाव-गाव टिपून ठेवलं. हे मला फार मोलाचं वाटतं. ओवी सगळ्यांची, पण गाणारी बेनाव नाही. राजस्थानातल्या खेड्यांतल्या पंचाहत्तर बायकांनी मिळून ‘शरीर की जानकारी’ हे पुस्तक केलं, ते ‘काली फॉर विमेन’नं १९८९ साली छापलं. नाही तर आपल्या चळवळीत काय होतं? गाणं एकीनं रचलेलं असतं, छापताना खाली ‘पारंपरिक’ लिहून मोकळे होतो! मुक्त परवान्यात कर्त्याचं नाव पुसायला मनाई आहे. त्यांच्याकडून एवढी गोष्ट आपण नक्की उचलावी.

आणि कायद्यात सगळीच बंधनं नाहीत, वाटाही आहेत. कलम ५२ बघा. न्यायालयाचा निकाल, तिथे छापायला खास मनाई नसेल तर, छापता येतो. विधिमंडळाने केलेला कायदा आपल्या टिपणीसह छापता येतो. म्हणजे २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याची पुस्तिका आपल्या स्पष्टीकरणासह काढायला कुणाची परवानगी नको. शिकवण्याच्या ओघात उतारे काढता येतात. दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्सच्या दुकानावर बड्या प्रकाशकांनी २०१२ साली दावा लावला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयानं २०१६ साली विद्यापीठाच्या आणि दुकानाच्या बाजूनं कौल दिला, आणि २०१७ साली प्रकाशकांनी दावा मागे घेतला. त्या खटल्यात विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी आपली बाजू स्वतः मांडली होती.

आता आपल्या दारातली गोष्ट. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ची मोफत सुरक्षा-दुरुस्ती नेहमीसारखी मिळणं संपलं. आपल्या संस्थांत देणगीत आलेले जुने संगणक बरेच. त्यातल्या अनेकांवर नवं विंडोज चालत नाही. म्हणजे यंत्र धडधाकट, पण मोडीत! त्यांतल्या पुष्कळ यंत्रांवर लिनक्स चालतं, पत्रं आणि हिशेब ‘लिबरऑफिस’वर होतात. केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षं मुक्त प्रणालीवर शिकवत आहेत. हे जादूचं नाही, हेही सांगते. सुरुवातीला अडतं, चिडचिड होते, आणि गटातल्या एकीला तरी ते नीट शिकावं लागतं. पण ती ‘एक’ आपल्यातली असेल.

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात असं. नोंदींचा प्रोग्रॅम करून घ्याल तेव्हा लेखी करार करा, मूळ मजकूर आणि हक्क दोन्ही मागा. नोंदींची प्रत दर महिन्याला अशा रूपात काढा की ती दुसऱ्या प्रोग्रॅममध्येही उघडेल, आणि ती कुलपात ठेवा. ती बायकांची गुपितं आहेत. चोरीच्या प्रती काढून टाका. जुने अंक ज्या फॉन्टमध्ये टाइप केले तो फॉन्ट नसला की पानभर खुणाच दिसतात, ते अंक युनिकोडमध्ये आणायला घ्या. आणि आपल्या पुस्तिकांवर स्पष्ट लिहा, ‘नावासह वापरायला परवानगी आहे’. काही न लिहिलं तर कायदा ‘परवानगी नाही’ असंच धरतो.

आमच्या त्या ताई अजूनही वहीत लिहितात. मी आता त्यांना हसत नाही. मी त्यांच्या शेजारी बसून त्यांना संगणक शिकवते आणि त्या मला विचारतात, “हे उसवता येतं ना गं?” हा एकच प्रश्न तुम्हीही, पुढच्या वेळी तो मुलगा आला की, त्याला विचारा.