हृदयविकार : शहरातला आणि गावाकडचा
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



हृदयविकार हा शहरातल्या बैठ्या व सुखवस्तू मंडळींचा रोग, अशी समजूत आपल्यात दृढ आहे. आपले सेवानिवृत्त वडीलधारे गावी परततात तेही याच भरवशावर. या समजुतीवर आता विसंबू नये, एवढेच आम्हांस आज सांगावयाचे आहे.

भारतासह १७ देशांतील दीड लाखांहून अधिक माणसांच्या ‘प्युअर’ नामक पाहणीचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. रोगास निमंत्रण देणारी कारणे शहरांत अधिक आढळली. परंतु हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचे गंभीर प्रसंग खेड्यांतच जास्त घडले. अशा दर १०० प्रसंगांत शहरांत सुमारे १४, तर खेड्यांत १७ माणसे दगावली. आपल्या देशातील मृत्यूंच्या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासातही, २००० ते २०१५ या काळात ग्रामीण पुरुषांचा हृदयविकाराचा मृत्युदर वाढत जाऊन शहरी पुरुषांच्या पुढे गेला, असे दिसले.

हे विपरीत वाटेल. पण कारण उघड आहे. हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली म्हणजे तेथील स्नायू तासातासाने मरू लागतो. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन पहिल्या काही तासांतच खरे गुणकारी. बारा तासांनंतर त्याचा उपयोग फारसा उरत नाही. गावी मात्र छातीतील कळ म्हणजे पित्त किंवा वायू! ओवा चावण्यात, छाती शेकण्यात रात्र जाते. सकाळी जीप मिळते. तालुक्याला कार्डिओग्रामची सोय नसली तर पुढे जिल्ह्याची वाट धरावी लागते. यात दोष रोग्याच्या अज्ञानाचा थोडा, अंतराचा अधिक, असे आमचे मत आहे. शिवाय रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या की ‘आता बरे वाटते’ म्हणून त्या बंद होतात, आणि मुंबईतल्या मुलास याचा पत्ताही नसतो.

तेव्हा गावी पैसे पाठविणाऱ्यांनी गोळ्यांचीही चौकशी करीत जावी. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. तो क्रमांक घराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. कार्डिओग्राम व हे इंजेक्शन रात्री-अपरात्रीही कोणत्या रुग्णालयात मिळते, याची तालुकावार यादी कार्यकारी मंडळाने तयार करून पुढील स्मरणिकेत छापावी, अशी आमची विनंती आहे.