पायमोडक्या अक्षराची गोष्ट

(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



तीस वर्षांनी या सभागृहात उभी आहे आणि हात तसेच थरथरताहेत, जसे आठवीत वक्तृत्व स्पर्धेच्या वेळी थरथरत होते. फरक एवढाच, की तेव्हा भाषण पाठ केलेलं होतं, आज तेही नाही.

संयोजकांनी सांगितलं, "तू जपानला होतीस, तिथल्या गमतीजमती सांग." गमती आहेतच, पण आधी एक कबुली देते. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे हे तुम्हाला माहीत आहे. जपानमध्ये मात्र मी चार वर्षं प्राथमिक शाळेत इंग्रजी शिकवत होते. हे ऐकून मागच्या बाकावरून आत्ताच हसण्याचा आवाज आला. अगदी बरोबर आहे. सहामाहीला इंग्रजीत माझे किती मार्क असायचे, हे त्या बाकाला चांगलं आठवतंय.

आपल्याला इंग्रजी पाचवीत सुरू झालं. ते १९८९ साल होतं. पहिलीपासून इंग्रजी महाराष्ट्रात २००० साली आलं, तोवर आपण कॉलेजात होतो. दहावीपर्यंत विज्ञान, गणित सगळं मराठीत शिकलो आणि पक्कं शिकलो. खरी पंचाईत इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी झाली. तोंडी परीक्षेत सरांनी प्रश्न विचारला. उत्तर मला येत होतं, पण ते मनात मराठीत होतं. ते इंग्रजीत जुळवेपर्यंत सर पुढच्या मुलाकडे वळले आणि मागे दोघंतिघं हसले. त्यानंतर जवळजवळ वर्षभर मी वर्गात तोंड उघडलं नाही. मार्क मिळाले, नोकरीही मिळाली, पण ते हसणं कानात राहिलं.

२००७ मध्ये यजमानांची तोक्योला बदली झाली. मी पुण्यातली नोकरी सोडली आणि तीन वर्षांच्या मुलीला घेऊन गेले. आम्ही राहायचो तो एडोगावा भाग. २००० सालाच्या संगणक-गोंधळाच्या निमित्ताने भारतातले इंजिनिअर तिकडे यायला लागले आणि निशी-कासाई स्टेशनच्या आसपास आपल्या लोकांची वस्तीच झाली. याच एडोगावातून २०१९ साली योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ वॉर्डच्या सभेवर निवडून आले, आणि पुढे २०२३ मध्ये इबाराकी प्रांतातल्या एका सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापकही झाले. पण मी सांगते आहे तो काळ त्याच्या आधीचा.

माझा व्हिसा कुटुंबाबरोबर राहण्याचा होता. त्यावर वेगळी परवानगी काढली तर आठवड्याला २८ तास काम करता येतं. घरात बसून कंटाळले होते. तेव्हा प्राथमिक शाळांमध्ये पाचवी-सहावीला इंग्रजी आणायची तयारी सुरू होती. २०११ पासून ते सक्तीचं होणार होतं. वर्गशिक्षकांच्या जोडीला इंग्रजी बोलणारा एक परदेशी सहायक लागतो. त्याला तिथे 'एएलटी' म्हणतात. १९८७ पासून सरकारी 'जेट' योजनेतून असे तरुण येतात आणि बऱ्याच शाळा खासगी संस्थांकडूनही माणसं घेतात. जाहिरातीत मात्र बहुतेक ठिकाणी एकच अट असायची, इंग्रजी मातृभाषा हवी.

एका संस्थेने मला दोन शब्द म्हणायला सांगितले. एक म्हणजे आत घालायची बंडी आणि दुसरा पश्चिम दिशा. मी दोन्ही म्हटले. समोरचा म्हणाला, "पुन्हा म्हणा." पुन्हा म्हटले. माझे दोन्ही 'वेस्ट' हुबेहूब सारखे होते! आपला एकच 'व' दोन्हीकडे कामाला. ती नोकरी गेली. दुसऱ्या संस्थेने घेतलं, कारण तिथलं शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, आठवडा उरला होता आणि त्यांची एक जागा रिकामी होती. एप्रिल २००९ मध्ये मी वर्गात उभी राहिले.

शाळा कशी होती? दारातच बूट काढून आतले वेगळे बूट घालायचे. दुपारचं जेवण वर्गातच. मुलं पांढरे एप्रन आणि टोप्या घालून एकमेकांना वाढतात, हात जोडून "इतादाकिमास" म्हणतात आणि मगच घास घेतात. मला आपला जेवणाआधीचा श्लोक आठवायचा. जेवणानंतर मुलं स्वतः वर्ग झाडतात, फरशी ओल्या फडक्याने पुसतात. आपणही पाळीपाळीने वर्ग झाडायचो. फक्त आपण पाळी चुकवायचो, ती मुलं चुकवत नाहीत.

आता मुद्द्याची गोष्ट. जपानी भाषेत 'न' सोडला तर जवळजवळ प्रत्येक अक्षराला स्वर चिकटलेलाच असतो. म्हणून 'मिल्क'चं 'मिरुकु' होतं, 'डेस्क'चं 'देसुकु'. पाचवीत एक मुलगा होता, शांत, खिडकीजवळ बसणारा. त्याला मी "आय लाइक मिल्क" म्हणायला सांगितलं. तो म्हणाला, "आइ राइकु मिरुकु." मी हसतमुखाने म्हटलं, "नो, मिल्क." पुन्हा 'मिरुकु'. तिसऱ्यांदा म्हणायला लावलं तेव्हा वर्ग हसला. तो खाली बसला. पुढचे पाच-सहा आठवडे सगळा वर्ग एकत्र म्हणायचा तेव्हा तो नुसते ओठ हलवायचा.

वर्गशिक्षिका मला एकदा म्हणाल्या, "त्या मुलाला असं उभं करणं... चोत्तो..." आणि थांबल्या. 'चोत्तो' म्हणजे 'जरासं'. पण जपानी माणूस 'जरासं' म्हणून थांबला की त्याचा अर्थ 'कृपा करून नको' असा असतो. त्या दिवशी घरी जाताना ट्रेनमध्ये मला ती तोंडी परीक्षा आठवली. मागे हसणारी मुलं आठवली. आणि लक्षात आलं, की या वेळी प्रश्न विचारणारी मी होते.

काय करावं सुचेना. मी स्वतः रात्री जपानी लिपी गिरवत होते. त्यांची अक्षरमाला आ, इ, उ, ए, ओ अशी सुरू होते आणि मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ओळखीची वाटते ना? वाटणारच. बौद्ध भिक्षूंनी नेलेल्या संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून तो क्रम तिथे रुजला. पण आपल्याकडे आहे आणि त्यांच्याकडे नाही अशी एक गोष्ट मला वहीत दिसली. आपल्याला अक्षराचा पाय मोडता येतो!

पुढच्या तासाला मी फळ्यावर जपानी लिपीत 'मिरुकु' लिहिलं. 'रु' आणि 'कु' या दोन्हींखाली आपली तिरकी रेघ काढली. सांगितलं, "माझ्या भाषेत ही रेघ दिली की अक्षराचा पाय मोडतो आणि मागचा स्वर निघून जातो. तुम्ही 'देसु' म्हणताना शेवटचा 'उ' गिळता ना? तसंच." वर्ग एकदम गप्प झाला आणि मग चाळीस तोंडांतून 'क्, क्, क्' सुरू झालं. 'ल' आणि 'र'चा घोळ तसाच राहिला. तो मला शेवटपर्यंत सोडवता आला नाही. पण शेपटीचा 'उ' गेला.

मग मी आणखी एक ठरवलं. तासाची शेवटची पाच मिनिटं मी दुसरीच्या पुस्तकातला जपानी धडा मोठ्याने वाचायचा आणि मुलांनी माझ्या चुका काढायच्या. एकीने मांजराच्या पिल्लाचं चित्र दाखवलं. मला म्हणायचं होतं 'कावाई', म्हणजे गोंडस. मी म्हटलं 'कोवाई', म्हणजे भीतिदायक. वर्ग लोळून हसला, मीही हसले. बाईंची चूक होते आणि बाई पुन्हा वाचतात, हे त्यांनी दर आठवड्याला पाहिलं.

काही दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत तो खिडकीजवळचा मुलगा माझ्याकडे आला. हातात महिन्याच्या जेवणाचा छापील तक्ता होता. त्यातल्या परदेशी शब्दांखाली त्याने पेन्सिलीने रेघा मारल्या होत्या. सूपच्या 'पु'खाली रेघ, चीजच्या शेवटच्या अक्षराखाली रेघ. फक्त 'सारादा'वर बोट ठेवून त्याने विचारलं, "सेन्सेई, इथल्या 'दा'चाही पाय मोडायचा का?" मी म्हटलं, "हो, मोडायचा." त्याने रेघ मारली, एकदा पुटपुटला आणि जागेवर गेला. एवढंच. तो पुढे फडाफडा इंग्रजी बोलू लागला वगैरे काही झालं नाही. पण ओठांबरोबर आवाज यायला लागला.

बाई, पायमोडकं अक्षर तुम्ही आम्हाला याच इमारतीत, तळमजल्यावर शिकवलंत. ज्याचं इंग्रजी जन्मापासूनचं आहे, त्याला 'मिल्क' म्हणणं अवघड असू शकतं हेच ठाऊक नसतं. मला ते अवघड गेलेलं होतं, म्हणून मला रेघ सापडली. इतकी वर्षं मी मराठी माध्यम ही माझी उणीव समजत होते. तिथे तेच माझं हत्यार ठरलं.

आता दुसरी कबुली. २०१३ मध्ये आम्ही परत आलो. मुलगी तिथे जपानी शाळेत दुसरी पूर्ण करून आली होती. नाशकात मी तिला इंग्रजी माध्यमात घातलं. एवढं सगळं शिकूनही माझं धाडस झालं नाही. तुमच्यापैकी अनेकांनी तेच केलंय. आज कुणाला दोष द्यायला मी उभी नाही.

पण दोन गोष्टी आपण करू शकतो. मी आता पुन्हा सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि नव्या मुलांच्या मुलाखती घेते. मागे निफाडकडचा एक मुलगा आला होता. प्रोग्रॅम त्याने अचूक लिहिला आणि समजावून सांगताना अडकला. मी म्हटलं, "आधी मराठीत सांग, मग इंग्रजीत." मराठीत त्याने असं सांगितलं, की माझ्या सहकाऱ्याने वही काढून लिहून घेतलं. मग इंग्रजीतही जमलं. आपल्यापैकी जे जे टेबलाच्या त्या बाजूला बसतात, त्यांनी एवढी दोन मिनिटं द्यावीत.

दुसरी गोष्ट आपल्या शाळेसाठी. महिन्यातल्या एका शनिवारी आपल्यातल्या कुणीतरी यावं, पाचवी-सहावीच्या मुलांबरोबर तासभर इंग्रजीत बोलावं, आणि मुद्दाम नव्हे पण बिनधास्त चुकावं. मुलांना आपल्या चुका काढू द्याव्यात. जानेवारीचा पहिला शनिवार माझा. वही त्या कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवली आहे, जेवायला जाण्याआधी नाव लिहा.

आणि मागच्या बाकाने आधी लिहावं. हसण्याचा हिशेब चुकता करायचाय.