परमुलखातील बेटे
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



बेट म्हटले की डोळ्यांपुढे पाणी येते. मी आज ज्या बेटांविषयी बोलणार आहे, त्यांच्या चहूबाजूंस परका देश होता. कूचबिहारच्या सीमेवर भारताचे 111 भूखंड बांगलादेशाच्या पोटात आणि बांगलादेशाचे 51 भूखंड भारताच्या पोटात होते. बंगालीत त्यांस ‘छिटमहाल’ म्हणत.

कूचबिहारचा राजा व रंगपूरचा फौजदार बुद्धिबळाच्या डावात गावे पणाला लावीत, अशी दंतकथा आहे. इतिहास असा की, अठराव्या शतकाच्या आरंभी मोगल व कूचबिहार यांच्यात तह झाला; परंतु एकमेकांच्या मुलखात अडकलेल्या जमिनी ज्याच्या त्याच्याकडेच राहिल्या. सारा कोणास भरावयाचा, एवढाच तेव्हा प्रश्न होता. 1947 साली फाळणी झाली, 1949 साली कूचबिहार भारतात विलीन झाले आणि साऱ्याची हद्द राष्ट्राची हद्द बनली.

तेथील रहिवाशास स्वदेशी जावयाचे तर परदेश ओलांडावा लागे. त्यासाठी लागणारा परवाना देणारी कचेरी मात्र हद्दीपलीकडे! शाळा, दवाखाना, वीज, पोलीस यांचा पत्ता नव्हता. मुलाचे नाव शाळेत घालण्यासाठी शेजारगावच्या परक्या गृहस्थाचे नाव पिता म्हणून लावावे लागे. आम्ही सरकारी नोकर कागदांच्या भेंडोळ्यांना कंटाळतो. परंतु कागदाचे मोल या पित्यांनी जाणले होते.

1958 साली नेहरू-नून करार झाला, 1974 साली इंदिरा गांधी व मुजीबुर रहमान यांचा झाला. तरी 31 जुलै 2015 ची मध्यरात्र उजाडेपर्यंत अदलाबदल झाली नाही. त्या रात्री 68 वर्षांच्या 68 मेणबत्त्या लावल्या गेल्या. पन्नास हजारांहून अधिक माणसांना देश मिळाला. मात्र भारतीयच राहू इच्छिणाऱ्या सुमारे 900 जणांना त्यासाठी घरदार सोडून कूचबिहारच्या छावण्यांत यावे लागले.

दहाग्राम-अंगरपोता हा बांगलादेशाचा भाग आजही भारताने वेढलेला आहे. परंतु 1992 साली त्यास तीन बिघा हा मार्ग मिळाला आणि 2011 पासून तो अहोरात्र खुला आहे. वेढलेले असणे सोसता येते. वाट बंद असणे सोसवत नाही.

आपण मराठी माणसे परभाषी मुलखात पन्नास वर्षे नांदलो, कारण येथील वाटा आपल्यासाठी मोकळ्या होत्या. आपल्या मंडळाचे दारही शेजाऱ्यांसाठी तसेच उघडे असावे, एवढी विनंती करून आपली रजा घेतो.