काळी बुरशी व घरातील साखर

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात वाशी येथे दिलेले व्याख्यान)



वार्षिक संमेलनात व्याख्यात्याने काही उद्बोधक व शक्य तर आल्हाददायक बोलावे, असा आपल्याकडे संकेत आहे. कार्यकारी मंडळाने मला 'आरोग्य' हा विषय दिला तेव्हा पहाटेचे फिरणे, मिताहार व निद्रा यांवर चार शब्द बोलून मला मोकळे होता आले असते. परंतु गेली काही वर्षे एक गोष्ट माझ्या मनात सलत आहे. ती या सभागृहाखेरीज अन्यत्र सांगण्यात अर्थ नाही. कारण तिचा संबंध आपल्या मंडळाशी, आपल्या सोयरिकींशी आणि माझ्या स्वतःच्या मौनाशी आहे. सन २०२१ च्या उन्हाळ्यात करोनाच्या दुसऱ्या लाटेमागून म्युकरमायकोसिस नावाचा रोग आला. वृत्तपत्रांनी त्यास 'काळी बुरशी' म्हटले. नाक, कान व घसा यांचा शल्यवैद्य म्हणून तो मी फार जवळून पाहिला.

हे नावच मुळी फसवे आहे. ही बुरशी काळी नसते. ती नाकाच्या आतील त्वचेतून रक्तवाहिन्यांच्या भिंतीत शिरते, तेथे रक्त गोठते, आणि रक्त पोहोचेनासे झाल्यामुळे पुढील मांस व हाड मरते. काळे दिसते ते हे मेलेले मांस. रोगही नवा नाही. पाल्टाउफ नामक शास्त्रज्ञाने मनुष्यातील त्याचे वर्णन १८८५ साली करून ठेवले आहे. शिळ्या पावावर जी करडी लव उगवते, तिच्याच कुळातील ही बुरशी. तिचे बीजकण मातीत, शेणखतात, कुजलेल्या पाल्यात व म्हणून हवेत सर्वत्र असतात. आपण सर्वजण या क्षणी, या सभागृहात, ते श्वासाबरोबर आत घेतच आहोत. निरोगी माणसाच्या रक्तातील पांढऱ्या पेशी त्यांचा परस्पर निकाल लावतात. एकापासून दुसऱ्यास हा रोग जडत नाही. त्या दिवसांत काही घरांतून रुग्णाचे ताट-वाटी निराळी ठेवण्यात आली, ते सर्वस्वी व्यर्थ होते.

मग जो शत्रू नित्य उंबरठ्यावर उभा असतो, तो त्याच वर्षी घरात कसा शिरला? विषाणूने घायाळ केलेल्या श्वसनमार्गात बुरशीने बस्तान बसवावे, हे वैद्यकास अपरिचित नव्हते. इन्फ्लुएंझाने अत्यवस्थ झालेल्यांच्या फुफ्फुसांत अॅस्परजिलस ही दुसऱ्या जातीची बुरशी वाढलेली पूर्वीही आढळली होती. परंतु आपल्या देशात म्युकरच बळावला, याचे मोठे कारण मधुमेह. रक्तात साखर वाढली की पांढऱ्या पेशी मंदावतात. मधुमेह अगदी विकोपास जाऊन रक्त आम्ल झाले की त्यातील बांधलेले लोह सुटे होते, आणि हे लोह म्हणजे या बुरशीचे आवडते खाद्य. करोनाने स्वतः साखर वाढवली, आणि तीवर स्टेरॉइडची भर पडली.

स्टेरॉइडची निंदा करण्याचा माझा हेतू नाही. जून २०२० मध्ये ऑक्सफर्ड येथील 'रिकव्हरी' नामक प्रयोगाने दाखवून दिले की, कृत्रिम श्वासयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू डेक्सामेथासोन या स्वस्त औषधाने सुमारे एक-तृतीयांशाने घटतात, व प्राणवायू लागणाऱ्यांचे एक-पंचमांशाने. मात्रा होती दिवसास सहा मिलिग्रॅम, फार तर दहा दिवस. त्याच प्रयोगाचे दुसरे वाक्य मात्र आपण कोणीच नीट वाचले नाही. ज्यांस प्राणवायूची गरज नाही, त्यांस या औषधाने काहीही लाभ झाला नव्हता.

२८ जून २०२१ रोजी केंद्रीय आरोग्यमंत्र्यांनी जे आकडे सांगितले ते असे: देशात ४०,८४५ रुग्ण, त्यांतील ३,१२९ मृत, शंभरांत चौसष्टांस मधुमेह, आणि निम्म्याहून अधिकांस स्टेरॉइड दिलेले. महाराष्ट्र व गुजरात ही दोन राज्ये सर्वांत अधिक पोळली. तत्पूर्वी २० मे रोजी केंद्राने राज्यांना या रोगाची नोंद सक्तीची करण्यास सांगितले, ते १८९७ च्या साथरोग कायद्यान्वये. हा कायदा १८९६ साली मुंबईत, मांडवीत, उद्भवलेल्या प्लेगमुळे जन्मास आला, हे आपणांस ठाऊक असेलच. त्या प्लेगच्या वेळी मुंबईतील कित्येक ज्ञातींनी स्वखर्चाने आपापली रुग्णालये उभारली होती. २०२१ च्या एप्रिलात आपल्या ज्ञातीने काय केले, ते आता सांगतो.

त्या महिन्यात रुग्णालयांत खाट मिळेना. येथील सिडकोच्या प्रदर्शन केंद्राचेही रुग्णालय झालेले. लोक भयभीत होते. आपल्या एका बंधूस मोठ्या डॉक्टरांची चिठ्ठी मिळाली, त्यांस गुण आला, आणि त्यांनी सद्भावनेने ती चिठ्ठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकली. तीत स्टेरॉइडच्या गोळ्या होत्या. ती चिठ्ठी ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत किती घरांत पोहोचली, याची गणती नाही. त्या गटात मीही होतो. मी ती वाचली. रात्रीचे अकरा वाजले होते, दिवसभराच्या कामाने शिणलो होतो, शिवाय एका ज्येष्ठ गृहस्थांस चारचौघांत दुखवणे बरे दिसणार नाही असे वाटले. आणि मी काहीच लिहिले नाही.

ज्या घरांत ती पोहोचली त्यांतले एक माझ्या साडूंचे. पुढील वृत्तांत मी त्यांच्या अनुमतीने सांगत आहे. त्यांस थोडा ताप होता, प्राणवायूचे प्रमाण सत्त्याण्णव. कोणतेही स्टेरॉइड घेण्याचे कारण नव्हते. त्यांनी बारा दिवस घेतले. मधुमेह त्यांस सहा वर्षांपासून होता, आणि तो पत्नीस देखील ठाऊक नव्हता! गोळ्या कचेरीतील खणात असत, आणि टाळेबंदीत कचेरी बंद. कारण विचाराल तर मुलीचे स्थळ चालू होते. 'मधुमेह रक्तात आहे' असे मुलाकडच्यांस कळले तर सोयरीक मोडेल, ही भीती. ही भीती निराधार होती असे म्हणण्यास माझी जीभ रेटत नाही. आपल्यांतील अशा मोडलेल्या दोन सोयरिकी मला स्वतःस माहीत आहेत.

ताप गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात त्यांचा डावा गाल बधिर झाला व वरची दाढ हलू लागली. दाढ काढली, जखम भरेना. मग डोळ्याखाली सूज, एकाच्या दोन वस्तू दिसणे, नाकातून काळपट स्राव. माझ्याकडे आले तेव्हा टाळूवर काळा डाग होता आणि साखर चारशेंच्या वर. काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवताच फितीसारखे रुंद, काटकोनात फुटलेले तंतू दिसले. मी स्वतः शस्त्रक्रिया करण्यास धजलो नाही, सहकाऱ्याने केली. डावा जबडा व डावा डोळा काढावा लागला. बुरशी मेंदूत पोहोचली नव्हती, म्हणून जीव राहिला.

औषधाची कथा निराळीच. अँफोटेरिसिन-बी हे औषध व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीकाठच्या मातीतील एका जंतूपासून १९५० च्या दशकात मिळाले. म्हणजे रोगही मातीतला आणि उताराही. त्याचा मूत्रपिंडास कमी अपाय करणारा प्रकार साठ किलो वजनाच्या माणसास दिवसाला सामान्यतः सहा कुप्या लागतो, आणि तोही कित्येक आठवडे. मे महिन्यात त्या कुप्या कोठेच मिळेनात. वर्ध्याच्या जेनेटिक लाइफसायन्सेसने त्या महिनाअखेर उत्पादन सुरू केले, राज्य शासनाने हा रोग महात्मा फुले जन आरोग्य योजनेत घेतला; तरी पुष्कळांस उशीर झाला. माझ्या भाच्याने चौदा दिवस दुचाकीवरून ठाणे, पनवेल व मुंबई पालथी घातली. त्या दिवसांत तो घरी आला की कोणी 'मिळाले का?' असे विचारीत नसे. त्याच्या हातातील बर्फाच्या डब्याकडे पाहत.

मुलीचे लग्न झाले. मुलाच्या वडिलांस सर्व वृत्तांत उघडपणे सांगण्यात आला, तेव्हा ते काही वेळ गप्प बसले आणि म्हणाले की, मलाही बारा वर्षे मधुमेह आहे, आम्हीही तो तुमच्यापासून लपवला होता.

करोनाची ती लाट ओसरली. परंतु स्टेरॉइडच्या गोळ्या दम्यास, सांधेदुखीस, साध्या खोकल्यासही आपल्या घरांत येतात, आणि साखर तर कोठेच गेलेली नाही. तेव्हा श्वसनाच्या कोणत्याही आजारात चिठ्ठी पुढे करताना 'यात स्टेरॉइड आहे काय, आणि किती दिवस?' असे डॉक्टरांस विचारावे, व घेत असाल तितके दिवस साखर मोजून कागदावर लिहावी. मधुमेह असलेल्याचा एकच गाल दुखला, बधिर झाला, दात अकारण हलले, वा एकाच डोळ्याची पापणी उतरली, तर त्याच दिवशी दाखवावे, आठवड्याने नव्हे.

आपल्या वधूवर सूचक केंद्राच्या अर्जात मधुमेहाचा रकाना घालावा, अशी सूचना एका सभासदांनी केली होती. मला ती मान्य नाही. रकाना आला की खोटे उत्तरही आले. त्याऐवजी कार्यकारी मंडळाने माझी एक विनंती मान्य केली आहे. भोजनगृहाच्या दाराशी साखर तपासण्याचे मेज मांडले आहे. पंगत बसण्यापूर्वी प्रत्येकाने तेथे बोट पुढे करावे. आकडा त्याच्याच हाती कागदावर मिळेल, मंडळाकडे नोंद राहणार नाही. अध्यक्षमहाशयांनी पहिला क्रमांक घेण्याचे कबूल केले आहे. दुसरा माझ्या साडूंचा. ते तिसऱ्या रांगेत, काळा चष्मा लावून बसले आहेत. तिसरा माझा.