फ्यूजचा बोर्ड बदलायचा की नाही?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेतील बोलणे, छापण्यासाठी थोडे आवरून)



मी वायरिंगची कामं करते हे तुमच्यातल्या बऱ्याच जणींना माहीत आहे, म्हणून हा विषय माझ्याकडे आला. काही गटांमधून एकाच कामासाठी अंतर्गत कर्जाची मागणी आलीय. घरातला जुना फ्यूजचा बोर्ड काढायचा आणि एमसीबीचा नवा डबा बसवायचा. कुणीतरी गावात येऊन सांगून गेलं, की जुना बोर्ड म्हणजे आग ठरलेलीच. सचिवताईंनी विचारलं, द्यायचं का कर्ज? माझं म्हणणं असं, की काही जणींना द्या आणि लगेच द्या. काही जणींना गरज नाही. आणि काही जणींना डब्यासाठी नको, दुसऱ्याच कामासाठी द्या.

आधी फ्यूज काय करतो ते बघू. पांढऱ्या चिनी मातीच्या खाचेत बारीक तार असते. घरातल्या वायरीला झेपेल त्यापेक्षा जास्त करंट ओढला गेला, की ती तार वितळते आणि वीज बंद पडते. वायर वाचते. योग्य जाडीची तार घातलेला फ्यूज आजही त्याचं काम चोख करतो. घोटाळा आपण करतो. फ्यूज दोनदा उडाला की तिसऱ्यांदा तार दुपदरी, तिपदरी करून घालतो. मग फ्यूज उडत नाही, पण भिंतीतली वायर तापत राहते. एमसीबीचा खरा फायदा इथं आहे. त्यात तार नसतेच, त्यामुळे जाड तार घालायचा प्रश्नच नाही. उडाला तर कारण शोधायचं आणि खटका वर करायचा. रात्री अंधारात, मालक घरी नसताना, फ्यूज उपसत बसावं लागत नाही. हा फायदा छोटा नाही.

आता तुमच्या घरचा लोड मोजा. वस्तूवर वॅट लिहिलेले असतात, त्याला २३० ने भागा. पाण्यातला १५०० वॅटचा रॉड साडेसहा अँपिअर घेतो. २००० वॅटची इंडक्शन शेगडी जवळजवळ नऊ. एक हॉर्सपॉवरची घरघंटी चारपाच, आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. सकाळी तिन्ही एकदम चालू केलं तर वीस अँपिअर झाले. श्रीरामपूर, राहुरी, राहाता भागातल्या कितीतरी घरांचं पहिलं वायरिंग मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेच्या काळातलं आहे. २०११ साली तो भाग महावितरणकडे आला, पण मीटरच्या पुढचं वायरिंग आपलंच, ते बऱ्याच ठिकाणी होतं तसंच राहिलं. ते दोन बल्ब, एक पंखा आणि रेडिओसाठी केलेलं होतं. त्या वायरीवर नवा डबा बसवून उपयोग काय? जिनं पापडाचं मशीन किंवा घरघंटी घेतलीय, तिनं आधी त्या मशीनसाठी मेन स्विचपासून वेगळी जाड वायर आणि वेगळा एमसीबी घ्यावा. कर्ज त्याला द्या. धंद्याचंच कर्ज आहे ते.

आता मला ज्याची जास्त काळजी वाटते ते सांगते. फ्यूज असो की एमसीबी, दोन्ही वायरीला वाचवतात. बाईला नाही. नीट ऐका. १६ अँपिअरचा एमसीबी म्हणजे १६,००० मिलिअँपिअर. माणसाच्या छातीतून ३० मिलिअँपिअरच्या वर करंट थोडा वेळ जरी गेला, तरी जीव धोक्यात येतो. म्हणजे माणूस चिकटून राहील आणि एमसीबीला पत्ताही लागणार नाही. आपल्याकडं पत्र्याची घरं आहेत. छताच्या कडेला वायर घासून सोलते, पावसाळ्यात सगळा पत्रा जिवंत होतो, आणि त्याच पत्र्याला कपडे वाळत घालायची तार बांधलेली असते. ओले कपडे घेऊन त्या तारेपाशी कोण जातं? आपणच.

यासाठी वेगळी वस्तू असते, आरसीसीबी. दुकानात काही जण ईएलसीबी म्हणतात. घरात गेलेला करंट आणि परत आलेला करंट ती मोजत राहते. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, की डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडते. घ्यायची ती ३० मिलिअँपिअरचीच, आयएसआय मार्क बघून आणि पक्कं बिल घेऊन. किंमत साधारण दीड-दोन हजारांच्या पुढे मागे. जुना बोर्ड चांगला असेल तर तो न काढता मेन स्विचच्या पुढे छोट्या डब्यात ही बसवता येते. सगळा बोर्ड बदलायला पैसे नसतील तर पहिला खर्च हा करा, असं मी ठामपणे सांगेन. तिच्यावर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबायचं. खटका पडला तर ती शाबूत आहे. बचतीच्या बैठकीचा दिवस धरा, म्हणजे विसरणार नाही.

पावसाळ्यात ही सारखी पडायला लागली, तर लोक वायरमनला सांगतात, काढून टाक ती कटकट. काढू नका. कुठंतरी ओल वायरीत शिरलीय, हेच ती सांगतेय.

अर्थिंगही बघा. ते चांगलं असेल तर मोटारीत वीज उतरल्याबरोबर, तुम्ही हात लावायच्या आधीच, आरसीसीबी पडते. आपला जिल्हा कोरडा. पारनेर, पाथर्डी, जामखेडकडं मुरूम आणि खडक, उन्हाळ्यात जमीन ठणठणीत होते. कोरड्या जमिनीत अर्थिंग नावालाच उरतं. खड्ड्यात मीठ-कोळसा घातलेला असला तरी उन्हाळ्यात त्यात पाणी ओतत चला. धुण्याचं पाणी चालतं, पिण्याचं वाया घालवू नका. आणि ऊसतोडीला जाणाऱ्या मैत्रिणींनी घराला कुलूप लावण्याआधी मेन स्विच बंद करावा. परत आल्यावर उंदरांनी वायरी कुरतडल्यात का हे पाहूनच चालू करावा.

मग बोर्ड ताबडतोब कुणी बदलायचा? जिचा फ्यूज तपकिरी-काळा पडलाय, तडकलाय, हात जवळ नेला तर गरम लागतो, चर्रचर्र आवाज येतो, किंवा लाकडी फळीला वाळवी लागलीय, तिनं. आणि एक, जुन्या मेन स्विचमध्ये दोन फ्यूज असतात, एक फेजला, एक न्यूट्रलला. न्यूट्रलचा उडाला तर घरातलं सगळं बंद पडतं, पण फेज वायरीत आलेलाच असतो. वीज गेली समजून हात घातला तर शॉक बसतो. असा फ्यूज असेल तर तो काढून तिथं कायमची जोडणी करून घ्या. हे काम परवानाधारक वायरमनचंच. मीटरचं सील कुणीही तोडायचं नाही. खांबावरचं किंवा मीटरचं काम महावितरणचं, त्यासाठी १९१२ ला फोन करा.

कर्ज मागणाऱ्या प्रत्येकीनं पुढच्या सभेला आपल्या बोर्डाचा झाकण न उघडता काढलेला फोटो, घरातल्या वस्तूंच्या वॅटची यादी आणि दोन वायरमनचे लेखी दर आणावेत. मी एक जुना मेन स्विच आणि एक आरसीसीबी घेऊन येते, हातात घेऊन बघा.